मासिकातून घरात आलेला संगणक

एखादे यंत्र प्रथम कारखान्यात तयार होते, मग ते बाजारात येते आणि त्यानंतर त्याची हकिकत मासिकांतून छापली जाते, असा जगाचा नेहमीचा क्रम आहे. घरगुती संगणकाच्या बाबतीत हा क्रम बराचसा उलटा झाला. तो आधी एका मासिकाच्या मुखपृष्ठावर अवतरला. मग लोकांनी त्याच्यासाठी टपालाने पैसे पाठविले. आणि यंत्र हाती पडण्यापूर्वीच त्याचा अभ्यास करणाऱ्यांची मंडळे स्थापन होऊ लागली. ही हकिकत अमेरिकेतील असून तिचा आरंभ १९७५ सालच्या जानेवारी महिन्यात झाला.

त्या काळी संगणक म्हणजे एक मोठेच प्रस्थ होते. विद्यापीठे, बँका, विमा कंपन्या आणि सैन्य यांच्यापाशीच तो असे. त्याला स्वतंत्र दालन लागे आणि त्याची राखण करायला खास नेमलेली माणसे असत. अनेक ठिकाणी विद्यार्थी आपले गणित भोके पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर उतरवून आत देत आणि उत्तरासाठी ताटकळत बसत. यंत्राला स्वतः हात लावण्याचे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येई.

परंतु त्याच देशात हौशी मंडळींचीही एक जुनी परंपरा होती. घरच्या घरी रेडिओ जोडावा, त्यात बिघाड झाला तर तो आपणच शोधावा, हा अनेकांचा छंद होता. अशा लोकांसाठी निघणाऱ्या मासिकांत यंत्राच्या जोडणीचा आराखडा आणि लागणाऱ्या भागांची यादी छापलेली असे. वाचक ते भाग पैदा करी, रात्री जेवण झाल्यावर डाख देण्याचे साहित्य काढी आणि मासिक समोर उघडे ठेवून तारेला तार जोडी. १९७१ साली इंटेल कंपनीने नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर गणिताची सारी यंत्रणा बसविली, आणि मायक्रोप्रोसेसर नावाचा हा तुकडा पुढे या हौशी लोकांच्याही आटोक्यात आला. ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जुलै १९७४ च्या अंकात जोनाथन टायटस यांनी ‘मार्क-८’ या संगणकाची माहिती दिली. पाच डॉलर पाठविले की आराखड्याची पुस्तिका घरी येई. भाग मात्र ज्याचे त्याने शोधायचे. पुष्कळांचा उत्साह तेथेच संपला.

पुढच्याच वर्षी ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या प्रतिस्पर्धी मासिकाने त्यावर मात केली. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरी एड रॉबर्ट्स नावाचे गृहस्थ आकडेमोडीची छोटी यंत्रे विकत असत. मोठ्या कंपन्यांनी तशाच यंत्रांच्या किमती खाली आणल्या, तेव्हा त्यांचा धंदा बुडाला आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर उभा राहिला. अशा स्थितीत त्यांनी संपूर्ण संगणकाचे सुटे भाग एका पेटीत घालून विकण्याचे ठरविले. मासिकाचे तांत्रिक संपादक लेस सॉलोमन यांनी त्याला मुखपृष्ठावर जागा देण्याचे कबूल केले. यंत्राचे नाव ठरले ‘अल्टेअर ८८००’. अल्टेअर हा एक ठळक तारा आहे. आपल्या पंचांगातील श्रवण नक्षत्राचा तो हाच.

छायाचित्र घेण्यासाठी रॉबर्ट्स यांनी आपला एकुलता एक नमुना न्यू यॉर्कला रवाना केला. तो वाटेतच हरवला. अंक छापण्याची वेळ तर जवळ आलेली. अखेर एक रिकामी पेटी घेऊन तिच्या दर्शनी भागावर दिवे आणि खटके बसविण्यात आले आणि तिचेच छायाचित्र मुखपृष्ठावर झळकले. ज्या चित्राने हजारो लोकांना वेड लावले, त्या चित्रातील पेटीत काहीच नव्हते!

सुट्या भागांच्या संचाची किंमत ३९७ डॉलर होती. काही शेकडा यंत्रे खपली तरी पुष्कळ झाले, असा रॉबर्ट्स यांचा अंदाज. प्रत्यक्षात थोड्याच महिन्यांत हजारो मागण्या आल्या. पैसे आधी आले आणि यंत्रे मात्र महिनोन् महिने निघेनात. स्टीव्ह डॉम्पियर नावाचा एक उतावीळ ग्राहक तर आपली पेटी कोठे अडली हे पाहण्यासाठी कॅलिफोर्नियाहून विमानाने अल्बुकर्कीला जाऊन धडकला.

इतके करून हाती काय येई? दर्शनी भागावर खटक्यांच्या ओळी आणि त्यांच्या वर तांबडे दिवे. कळफलक नाही, पडदाही नाही. यंत्राला काही सांगायचे तर ते केवळ दोन अंकांच्या भाषेत सांगावे लागे. खटका खाली म्हणजे शून्य, वर म्हणजे एक. आठ खटक्यांची एक मांडणी म्हणजे एक बाइट, अर्थात यंत्राच्या भाषेतील एक अक्षर. मांडणी करून निराळा खटका दाबला की ते अक्षर स्मृतीत जाऊन बसे. मग पुढच्या अक्षराची मांडणी. उत्तर दिव्यांच्या उघडझापीवरून ओळखायचे. मूळ संचाच्या स्मृतीत अशी अवघी २५६ अक्षरे मावत. हा परिच्छेदसुद्धा तीत मावला नसता. आणि वीज गेली की सारे पुसले जाई.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये सुमारे तीस माणसे जमली. मासिकात वाचलेल्या या यंत्राविषयी एकमेकांशी बोलावे, एवढाच त्यांचा हेतू. या मंडळाला पुढे ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ असे नाव पडले. एप्रिलमधील एका सभेत डॉम्पियर आपला अल्टेअर घेऊन आला. यंत्र चालू असताना जवळचा रेडिओ गुणगुणू लागतो, हे त्याच्या घरीच ध्यानात आले होते. कोणती आज्ञा दिली असता कोणता सूर निघतो, याची त्याने टिपणे केली होती. सभेत तो एकामागून एक खटके लावीत बसला. सारी अक्षरे भरून होतात न होतात तोच कोणाचा तरी पाय विजेच्या तारेत अडकला आणि केलेले काम क्षणात नाहीसे झाले. त्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. शेवटी यंत्रावर ठेवलेल्या लहानशा रेडिओतून बीटल्सच्या ‘द फूल ऑन द हिल’ या गाण्याची चाल ऐकू येऊ लागली, तेव्हा सभा उभी राहून टाळ्या वाजवू लागली. ही युक्ती त्याने स्वतःपाशी ठेवली नाही. ती छापून आली आणि ज्याच्यापाशी अल्टेअर होता त्याला ती वापरता आली.

त्याच मासिकाचा अंक डिसेंबर १९७४ मध्ये बोस्टनजवळच्या केंब्रिज येथे पॉल ॲलन नावाच्या तरुणाने वृत्तपत्रविक्रेत्याकडे पाहिला होता. तो घेऊन तो तडक आपला मित्र बिल गेट्स याच्याकडे गेला. गेट्स तेव्हा हार्वर्ड विद्यापीठात शिकत होता. खटक्यांऐवजी माणसाला समजेल अशा शब्दांत यंत्राशी बोलता यावे, म्हणून डार्टमथ महाविद्यालयातील केमेनी व कुर्ट्झ या दोन अध्यापकांनी १९६४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘बेसिक’ नावाची सोपी भाषा तयार केली होती. ती अल्टेअरला शिकवावी, असे या मित्रांनी ठरविले. आपल्यापाशी भाषा तयार आहे, असे त्यांनी रॉबर्ट्स यांना बेधडक सांगून टाकले. वास्तविक त्यांनी एक ओळही लिहिली नव्हती. त्यांच्यापाशी अल्टेअरसुद्धा नव्हता. त्यांनी विद्यापीठाच्या मोठ्या संगणकालाच अल्टेअरचे सोंग घ्यायला लावले आणि सुमारे आठ आठवडे रात्रंदिवस काम केले. ॲलन अल्बुकर्कीला निघाला. विमान उतरण्याच्या बेतात असताना त्याला आठवले की, कागदी फितीवरील भाषा यंत्रात उतरवून घेणारी छोटी आज्ञावली लिहायची राहूनच गेली आहे. ती त्याने बसल्या जागी हाताने लिहिली. दुसऱ्या दिवशी त्याने यंत्राला दोन अधिक दोन किती, असे विचारले. यंत्राने उत्तर दिले, चार.

आता मासिकांना बहर आला. सप्टेंबर १९७५ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील पीटरबरो या लहानशा गावातून ‘बाइट’ निघू लागले. ‘क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग’ हे मासिक डेव्हिड आल यांनी त्याआधीच, १९७४ च्या अखेरीस, काढले होते. जानेवारी १९७६ मध्ये ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ आले. डॉब नावाचे कोणी डॉक्टर नव्हते. डेनिस आणि बॉब या दोन मित्रांच्या नावांची खिचडी करून हे नाव बनले होते. पत्राच्या पूर्ण नावात व्यायाम आणि वाकडे दात सरळ करणारे वैद्यक यांचा उल्लेख होता. स्मृतीतील अक्षराला इंग्रजीत बाइट म्हणतात आणि चावा घेण्यालाही बाइटच म्हणतात, हा त्यातील विनोद. या पत्राचे तीनच अंक काढायचे ठरले होते. ते छापील रूपात २००९ पर्यंत चालले.

या पत्रांचे लेखक कोण? बहुतेक त्यांचे वाचकच. आज ज्याने लेख वाचून यंत्र जोडले, तोच काही महिन्यांनी त्यात केलेली सुधारणा लिहून पाठवी. होमब्रू मंडळाचा सभासद स्टीव्ह वॉझनियाक याने आपल्या पहिल्या संगणकाचे आराखडे सभेत वाटले, आणि त्याच्या ‘ॲपल-२’ या यंत्राची रचना कशी आहे हे सांगणारा त्याचा लेख ‘बाइट’च्या मे १९७७ च्या अंकात आला.

परंतु या देवघेवीतूनच एक मोठा तंटा उभा राहिला. गेट्स आणि ॲलन यांची भाषा कागदी फितीवर विकली जात असे. एकाने ती घेतली की तिच्या प्रती काढून तो मित्रांना फुकट वाटी. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स याने हौशी मंडळींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले आणि ते अनेक पत्रकांतून छापले गेले. अल्टेअर बाळगणाऱ्या दहांपैकी एकानेही भाषा विकत घेतलेली नाही, तुमच्यापैकी बहुतेकजण ती चोरता, मग मेहनतीने चांगली आज्ञावली लिहावी तरी कोणी, असा त्याचा सवाल होता. तो खोटा नव्हता. हौशी मंडळी मात्र संतापली. आजपर्यंत जे एकमेकांना सहज देत आलो ते एकाएकी चोरी कसे ठरले, हे त्यांना उमगेना. ‘डॉ. डॉब्ज’ने निराळीच वाट धरली होती. थोड्या स्मृतीत मावणारी ‘टायनी बेसिक’ ही छोटी भाषा तिने वाचकांकडूनच लिहवून घेतली आणि ती पानोपान छापली. पुस्तकाच्या आरंभी ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले आपण पाहतो. ली-चेन वांग यांनी मे १९७६ च्या अंकातील आपल्या आज्ञावलीच्या माथ्यावर त्या शब्दांना उलटे करून ‘सर्व चुका स्वाधीन’ अशा अर्थाचे शब्द घातले. इंग्रजीत ‘हक्क’ आणि ‘बरोबर’ यांना एकच शब्द आहे, त्यावरची ही कोटी. हा तंटा पूर्णपणे मिटला असे अद्यापही म्हणता येत नाही.

वीज गेली की स्मृती पुसली जाते, ही अडचण अजून तशीच होती. घरोघरी असलेल्या कॅसेट-यंत्रावर आज्ञावली साठवावी, ही कल्पना पुष्कळांना सुचली. पण प्रत्येकाची रीत वेगळी, त्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्याला उपयोगी पडेना. म्हणून नोव्हेंबर १९७५ मध्ये ‘बाइट’ने मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे जाणत्यांची परिषद बोलावली. सेकंदाला १२०० कंपनांचा सूर म्हणजे शून्य आणि २४०० कंपनांचा सूर म्हणजे एक, असे तेथे ठरले. कंपने दुप्पट झाली की सूर बरोबर एका सप्तकाने चढतो. म्हणजे यंत्राची सारी भाषा षड्ज आणि वरचा षड्ज या दोनच स्वरांत गायिली जाऊ लागली. ऐकायला ते गाणे अत्यंत कर्कश असे. सेकंदाला असे ३०० स्वर निघत. मे १९७७ मध्ये ‘इंटरफेस एज’ या मासिकाने तर कमालच केली. त्याने अंकातच पातळ, लवचीक तबकडी घातली. ती ग्रामोफोनवर लावावी आणि तिचा आवाज संगणकाला ऐकवावा, की बेसिक भाषा यंत्रात उतरे!

तरीही बहुतेक आज्ञावल्या वाचकांपर्यंत गेल्या त्या छापील कागदावरूनच. १९७७ मध्ये कळफलक असलेले तयार संगणक दुकानांत आले. १९८१ मध्ये इंग्लंडात सिंक्लेअर यांचा ‘झेडएक्स ८१’ सत्तर पौंडांच्या आत मिळू लागला. पडदा म्हणून घरातील टेलिव्हिजनच जोडायचा. तयार आज्ञावल्या मात्र थोड्या आणि महाग. तेव्हा मुले मासिक मांडीवर घेऊन बसत आणि त्यातील ओळीमागून ओळ टंकून काढीत. एक साधा खेळ घेऊ. मराठीत उतरवला तर तो असा दिसेल:

१० : १ ते १०० मधील एक संख्या मनात धर.
२० : खेळणाऱ्याला त्याची संख्या विचार.
३० : ती लहान असल्यास ‘लहान’ असे लिही आणि २० कडे जा.
४० : ती मोठी असल्यास ‘मोठी’ असे लिही आणि २० कडे जा.
५० : ‘शाबास’ असे लिही.

ओळींना एक, दोन, तीन असे क्रमांक न देता दहा-दहाच्या अंतराने दिलेले आहेत. मध्येच एखादी ओळ घालावीशी वाटली, तर ती १५ क्रमांकाने घालता येते. आता समजा, तिसाव्या ओळीत २० ऐवजी चुकून १० टंकले गेले. यंत्र तक्रार करीत नाही, खेळही चालू राहतो. पण खेळणाऱ्याने लहान संख्या सांगितली की यंत्र मनातील संख्या बदलून टाकते. खेळणारा पन्नास म्हणतो, यंत्र ‘लहान’ म्हणते. तो साठ म्हणतो, यंत्र ‘मोठी’ म्हणते. मग तो या दोहोंमधील एकूण एक संख्या सांगून पाहतो आणि तरी ‘शाबास’ काही येत नाही. चूक कोठे आहे हे शोधायचे, तर प्रत्येक ओळ यंत्राकडून काय करून घेते याचा विचार करणे भाग पडते. खेळ समजल्यावाचून चूक सापडत नाही आणि चूक शोधता शोधता खेळ समजतो. त्यातील बहुतेक खेळ आजच्या मुलांना कंटाळवाणे वाटतील. पण पुष्कळ मुले संगणक शिकली ती या शोधाशोधीत.

‘ध’चा ‘मा’ झाल्याने केवढा अनर्थ होतो, हे पेशवाईतील आख्यायिकेवरून सर्वांना ठाऊक आहे. शंभर ओळींची आज्ञावली टंकताना तसा प्रसंग पानोपानी येई. कधी चूक वाचकाची नसेच. ती मुद्राराक्षसाची असे, आणि दुरुस्ती पुढच्या अंकात छापून येईपर्यंत बिचारा वाचक आपलेच डोळे चोळीत बसे. यावर ‘कॉम्प्यूट!’ मासिकाच्या प्रकाशकांनी १९८३ मध्ये एक उपाय काढला. संगणकात प्रत्येक अक्षराला ठराविक अंक असतो. रोमन लिपीतील ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६. वाचकाने ओळ टंकली की एक छोटी आज्ञावली तिच्यातील अक्षरांच्या अंकांची बेरीज करून त्यावरून आलेली संख्या पडद्यावर दाखवी. तीच संख्या मासिकात त्या ओळीपुढे छापलेली असे. दोन्ही जुळल्या की पुढे जायचे. या युक्तीतही एक छिद्र होते. दोन आणि तीन यांची बेरीज तीन आणि दोन यांच्या बेरजेइतकीच असते. म्हणून दोन अक्षरांची अदलाबदल झाली तर ती या पहारेकऱ्याच्या नजरेतून निसटे. पुढे अक्षर कितवे आहे याचाही हिशेब धरणारी सुधारलेली रीत आली.

हळूहळू आज्ञावल्या मोठ्या आणि गुंतागुंतीच्या होत गेल्या. जलद चालाव्यात म्हणून त्या बेसिकऐवजी थेट यंत्राच्या भाषेत लिहिल्या जाऊ लागल्या, आणि मासिकाच्या पानांवर वाक्यांच्या जागी नुसत्या अंकांचे रकाने आले. ‘कॉम्प्यूट!’च्या प्रकाशकांनी जानेवारी १९८४ मध्ये ‘स्पीडस्क्रिप्ट’ ही लेखनाची आज्ञावली अशीच छापली. वाचकांनी ते हजारो अंक टंकले आणि त्यांना पत्रे, निबंध लिहिण्याचे उत्तम साधन जवळजवळ फुकट मिळाले. पण ते कसे चालते हे त्या रकान्यांवरून समजण्याजोगे नव्हते. तेव्हा टंकण्याचे कष्ट तरी कशासाठी घ्यावेत? चुंबकीय तबकड्या स्वस्त झाल्या आणि मासिकांबरोबर त्याच मिळू लागल्या. १९८८ मध्ये ‘कॉम्प्यूट!’ने टंकून घेण्याच्या आज्ञावल्या छापणे बंद केले. ‘क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग’ त्यापूर्वीच, १९८५ मध्ये, थांबले होते. ‘बाइट’चा शेवटचा छापील अंक जुलै १९९८ मध्ये निघाला.

एड रॉबर्ट्स यांनी आपली कंपनी १९७७ मध्येच विकली होती. ते जॉर्जिया राज्यात शेती करू लागले, मग उतारवयाकडे झुकताना वैद्यकाचा अभ्यास करून डॉक्टर झाले, आणि २०१० मध्ये निधन होईपर्यंत एका लहान गावात रोग्यांना औषधपाणी देत राहिले. त्यांच्या अखेरच्या आजारात बिल गेट्स त्यांना भेटावयास गेला होता.